शेवटच्या रकान्यातलं शून्य

वैजयंती आवटीच्या बोटांना रंग लागत नाही, असं मिरजेतल्या सगळ्या लॅबमध्ये म्हणत. लाइशमनचा रंग हाताळणाऱ्याची बोटं जन्मभर जांभळी राहतात, नखांच्या कडांतून तो काही केल्या निघत नाही. वैजयंतीची बोटं मात्र लग्नाला निघाल्यासारखी स्वच्छ. आणि तिच्या काचपट्ट्या तर अशा, की लॅबचे मालक डॉक्टर मगदूम नव्या मुलांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. "हे बघा. याला रंगवणं म्हणतात. तुम्ही करता ते सारवणं."

हे कौतुक खरं होतं, त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

रक्ताचा थेंब काचेवर पातळ ओढून वाळवला, की सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फारसं काही नसतं. पेशी पाण्यासारख्या पारदर्शक. म्हणून रंग घालायचा. लाइशमनच्या बाटलीत लाल आणि निळा असे दोन रंग एकत्र नांदतात. पेशीचा आम्लधर्मी भाग निळा रंग घेतो, अल्कधर्मी भाग लाल. तेवढ्यानं पांढऱ्या पेशींच्या पाच जाती वेगळ्या कळतात. त्यातली शेवटची बेसोफिल. तिच्यातले दाणे निळा रंग अधाशासारखे पितात, इतके की मधलं केंद्रकही त्यांच्याखाली झाकून जातं. पाचही जाती मिळून शंभर पेशी मोजायच्या, ज्या जातीची दिसेल तिची मोजायच्या यंत्रावरची कळ दाबायची, आणि पाच रकान्यांत पाच आकडे लिहायचे.

वैजयंतीला हे काम शिकवलं लॅबमधल्या जुन्या बिरनाळे तात्यांनी, आणि कामातली सोयही त्यांनीच शिकवली. "बेसोफिल शंभरात एखादी, बहुतेकदा ती पण नसती. शून्य लिहायचं आन् पुढं सरकायचं. दीडशे पट्ट्या पडल्यात सकाळपासनं."

तिने तसंच केलं. पहिले काही महिने मनाला टोचत होतं, मग टोचायचं थांबलं. शंभरच्या जागी पन्नास मोजून दुप्पट करायचे, आणि शेवटच्या रकान्यात शून्य. मोजायच्या यंत्राच्या बाकीच्या कळांवरचा रंग बोटांनी झिजून गेला, शेवटची कळ दुकानातून आणल्यासारखी नवी राहिली. कुणी मेलं नाही, कुणाची तक्रार आली नाही. डॉक्टर डोळे मिटून सही करत.

मग एक दिवस शाहीन मुजावर आली.

शाहीन एके काळी वैजयंतीच्याच हाताखाली शिकलेली. स्लाइड ओढताना हात थरथरायचा म्हणून रडायची. पुढे ती पुण्याला गेली, प्रकाश आणि गणित शिकली आणि एक पेटी घेऊन परत आली. पेटीचं नाव 'वर्णिका'.

"मॅडम, रंग घालायचाच नाही," ती म्हणाली. "पेशीतला प्रत्येक पदार्थ प्रकाश थोडा वेगळा शोषतो, थोडा वेगळा वाकवतो. आपल्या डोळ्याला तो फरक दिसत नाही, हिला दिसतो. त्यावरून ही हिशोब करते, की या पेशीवर लाइशमन ओतला असता तर ती कशी दिसली असती. आणि तसं चित्र काढून दाखवते. चाळीस सेकंदांत. ना रंग, ना बाटली, ना रंगवणारं माणूस."

"म्हणजे मी घरी बसायचं."

"नाही मॅडम. आधी हिला शिकवायचं. तुमच्याकडनं."

दोन वर्षं लॅबमधली प्रत्येक पट्टी आधी कोरी असताना वर्णिकेत जाई, मग वैजयंती ती रंगवी, मग पुन्हा तिचा फोटो निघे. कोरं आणि रंगीत अशी जुळी चित्रं, बारा हजार. शिवाय प्रत्येक पट्टीचे पाच आकडे वैजयंतीने द्यायचे. यंत्राचं आणि तिचं जिथे जुळणार नाही, तिथे तिचं खरं धरायचं आणि यंत्राला चूक दाखवायची, असा नियम.

सुरुवातीलाच, चहा पिताना, शाहीनने जरा चाचरत विचारलं होतं, "मॅडम, एक विचारू? राग मानू नका. हे आकडे पूर्ण शंभर मोजूनच येतील ना? अंदाजानं नको. हिला तुमच्याशिवाय दुसरं काही खरं माहीत नसणार."

समोर डॉक्टर मगदूम बसले होते. नवी मुलं उभी होती.

"अगं, माझ्या आकड्यावर डोळे मिटून सह्या होतात इथं," वैजयंती म्हणाली, आणि सगळे हसले. शाहीनही ओशाळून हसली.

त्या दोन वर्षांत वैजयंतीने एकही पट्टी पूर्ण मोजली नाही. वेळ नव्हता असं नाही. सवय होती, आणि सवयीला कुणी जाब विचारत नाही.

वर्णिका चालली, चांगलीच चालली. ज्या गावांत रंगाची बाटली उन्हानं नासायची आणि रंगवणारं माणूस मिळायचं नाही, अशा चारशे तीस आरोग्यकेंद्रांत ती बसली. मलेरिया पकडला, मुलांमधला रक्तक्षय पकडला. पेटीच्या आतल्या झाकणावर बारीक अक्षरांत छापलं होतं: 'रंगसंस्कार: वै. आवटी, मिरज'. वैजयंतीने त्याचा फोटो काढून नातेवाइकांत पाठवला.

याच काळात तिची धाकटी जाऊ शैलजा थकायला लागली. दोघींचा संसार एकाच घरात, वर शैलजा आणि तिचा नवरा भूपाल, खाली वैजयंती, तिचे यजमान आणि सासूबाई. शैलजा दोन जिने चढली की बसायची. रात्री घामाने भिजायची. पोळ्या लाटता लाटता भिंतीला टेकायची.

"तिला काय धाड भरलीया?" सासूबाई म्हणायच्या. "रिपोर्ट तर चांगला आलाय की. काम म्हटलं की ताप येतोय बाईला."

रिपोर्ट चांगला आला आहे, हे घरात सांगितलं होतं वैजयंतीनेच. दीड-दोन वर्षांत तीनदा तिने शैलजाचं रक्त वर्णिकेत घातलं. पांढऱ्या पेशी किंचित जास्त, दाढ दुखत होती त्यामुळे असतील. बाकी सगळं ठीक, शेवटच्या रकान्यात शून्य.

तिसऱ्यांदा शैलजाने विचारलं, "ताई, नक्की ना काही नाही?"

"शैला, रक्त खोटं बोलत नाही. मनाचं घेतलंयस तू. सकाळी फिरायला जात जा जरा."

शैलजा सकाळी फिरायला जायला लागली. एकदा कोपऱ्यावर चक्कर येऊन पडली, तर रिक्षावाल्याने तिला घरी आणून सोडलं. भूपाल तेव्हा म्हणाला होता, आता हे नवीन नाटक.

आषाढात वैजयंतीला पुण्याहून पत्र आलं. वर्णिकेला पाच वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ होता आणि तिचा सत्कार. तिने व्यासपीठावर जुन्या पद्धतीने एक पट्टी रंगवून दाखवायची, शेजारी वर्णिका तेच काम करणार. लॅबमध्ये आता वर्णिकाच होती, म्हणून वैजयंतीने कुठून तरी लाइशमनची बाटली मिळवली. नवी बाटली आली की कामाला लावण्याआधी कुणा तरी धडधाकट माणसाचं रक्त घेऊन रंग तपासायचा, ही लॅबमधली जुनी रीत. जो समोर असेल त्याचं बोट धरायचं. दुपारची वेळ होती, आणि समोर शैलजा गवार निवडत बसली होती.

"दे गं बोट. तुझं रक्त चांगलं आहे."

तिने पट्टी ओढली, वाळवली, रंग ओतला. ठरलेली मिनिटं झाल्यावर धुतली. हात काही विसरला नव्हता. घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी धरली, तेव्हा लाल पेशींचा तो ओळखीचा गुलाबी बघून तिला बरं वाटलं. मग तिने काच थोडी सरकवली.

मोहरी सांडल्यासारखे गडद निळे दाणे भरलेली एक पेशी. बेसोफिल. कितीतरी दिवसांनी दिसली म्हणून तिला आधी गंमत वाटली. काच सरकवली, आणखी एक. पुढच्या जागी दोन. तिची गंमत तिथेच संपली.

तिने कागद ओढला आणि बत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. पेशी मोजल्या. एकूण एक, शंभर. शेवटच्या रकान्यात एकवीस आल्या.

बेसोफिल एवढ्या वाढतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते तिला पाठ होतं. अस्थिमज्जेतला, हळूहळू चालणारा रक्ताचा कर्करोग. तो लवकर सापडला तर रोज एक गोळी आणि आयुष्य जवळपास सगळ्यांसारखं. विसाच्या वर बेसोफिल म्हणजे लवकरची वेळ गेली.

"कसा आहे रंग?" शैलजाने गवारीवरून मान वर न करता विचारलं.

"बरा आहे," वैजयंती म्हणाली.

तिने पट्टी ओढताना दुसरी एक कोरीही ओढून ठेवली होती. ती घेऊन ती तडक लॅबमध्ये गेली आणि वर्णिकेत घातली. चाळीस सेकंदांत चित्र आलं, सुबक, अगदी तिच्या हातचं वाटावं असं. बेसोफिल शून्य. तिने यंत्राची आतली नोंद उघडली, जी सहसा कुणी वाचत नाही. शेवटी एक ओळ होती: 'रंगाचा गाळ वगळला, एकवीस जागी.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. रंग नीट गाळला नाही तर त्याचे गडद कण पेशीवर बसतात, त्याला गाळ म्हणतात. पण वर्णिकेत रंगाचा थेंबसुद्धा नसतो. मग गाळ आला कुठून?

उत्तर कळायला तिला फार वेळ लागला नाही. त्या बारा हजार पट्ट्यांत कुठे ना कुठे बेसोफिल होत्याच. यंत्राला त्या रंगीत फोटोत दिसल्या, त्याने त्या मोजल्या, आणि प्रत्येक वेळी वैजयंतीच्या शून्याने त्याला सांगितलं की चूक. मग त्या गडद दाण्यांचं करायचं काय? बिचाऱ्याने एकच अर्थ लावला: पेशी निरोगी आहे, वर गाळ पडला आहे, पुसून टाक. जिच्या पट्टीवर उभ्या जन्मात गाळ पडला नाही, तिच्याच आकड्यांवरून यंत्र गाळ काढायला शिकलं. आणि चारशे तीस गावांत ते इमानेइतबारे काढत होतं.

तिला इतकी लाज वाटली की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने "मॅडम, पाणी देऊ?" असं विचारलं, तेव्हा तिच्याकडे बघवेना.

शैलजाला मात्र तिने त्याच संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, अस्थिमज्जेचा नमुना काढला. निदान तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, "उपचार आहेत, चांगले आहेत. दीड वर्षापूर्वी आला असता तर फार सोपे होते. आता दुसरी पायरी आहे. आधी कुणी बघितलं नव्हतं का?"

भूपाल वैजयंतीकडे बघू लागला. आणि वैजयंतीच्या तोंडून निघालं, "वर्णिका चुकली."

तसं बघितलं तर खोटं नव्हतं ते. अर्धं खरं बोलण्याची हीच तर सोय आहे.

शैलजाने तिथेच तिचा हात धरला. "ताई, तुम्ही हातानं केलं म्हणून कळलं. नाहीतर मी गेलेच होते."

बातमी फुटायला चार दिवस लागले. 'यंत्राला जे दिसलं नाही ते मिरजेच्या हाताने पाहिलं.' वैजयंतीचा फोटो, बोटांसकट. वर्णिका सगळीकडे बंद झाली. चौकशी समिती बसली आणि शाहीनला कामावरून दूर केलं. पुण्याचा समारंभ रद्द झाला, पण मिरजेतल्या लोकांनी आपल्याकडून वेगळा सत्कार ठरवला, यंत्राला हरवणाऱ्या बाईचा. शाल, श्रीफळ. तिने नको म्हटलं, तर विनय म्हणून आणखी कौतुक झालं. सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, माझ्या थोरलीनं धाकटीला वाचवलं. वैजयंती मूग गिळून बसली. शैलजाच्या गोळ्या ती वेळेवर द्यायची, तिचे कपडे धुवायची, तिला वर जिन्याने हात धरून न्यायची, आणि जितकी सेवा करायची तितके लोक तिला देवमाणूस म्हणायचे. ते तिला सोसवत नव्हतं, आणि खरं सांगायचा धीरही होत नव्हता. असा दीड महिना गेला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. आवटींसारख्या जैन घरांत या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकाची क्षमा मागायची. 'वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.' समोरच्याने म्हणायचं, 'उत्तम क्षमा.' हल्ली सकाळी फोनवरून शंभर जणांना एकदमच पाठवतात. वैजयंतीनेही मेसेज पाठवला. लॅबमधल्या सगळ्यांना जायचा, त्यात शाहीनचं नाव जुन्या यादीत होतंच.

दहा मिनिटांत शाहीनचा फोन आला.

"मॅडम, दरवर्षी तुमचा हा मेसेज येतो. मीही दरवर्षी 'उत्तम क्षमा' लिहून टाकते. यंदा विचारावं म्हटलं. नेमकी कशाची?"

वैजयंती अंगणात जाऊन उभी राहिली. "शाहीन, तो शेवटचा रकाना..."

"बारा हजार पट्ट्या, सगळ्यांत शून्य. चुकूनसुद्धा कुठं एक नाही. वर्णिका बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशीच मला दिसलं."

"समितीला सांगितलंस?"

"शिकवताना त्रुटी राहिली, एवढं लिहून दिलं. गाळाच्या नोंदी शोधून माणसं परत बोलवायला लावली, ते काम सुरू आहे. त्रुटी कुणाची, ते लिहिलं नाही."

"मग ती तुझी समजतायत."

"माझी आहेच. बारा हजार शून्यं एका ओळीत आली, तेव्हाच मी विचारायला हवं होतं. तुमची होती म्हणून विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, मॅडम. चहा पिताना. परत कसं विचारणार?"

वैजयंतीला रडू आलं, पण शाहीनसमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ते आवरलं. "मी आज समितीला लिहिते. सगळं."

"लिहा," शाहीन म्हणाली. "उत्तम क्षमा मी आत्ता म्हणत नाही. म्हटलं तर तुम्ही लिहिणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

वैजयंतीने तिथेच पायरीवर बसून लिहिलं. पन्नास मोजून दुप्पट केलेले, शून्य न बघता लिहिलेलं, विचारल्यावर मोजते असं भासवलं. सत्कार घेणार नाही, हेही लिहिलं. पाठवून टाकलं. मनावरचा दगड उतरल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती, पण तसं काही झालं नाही. समिती पुण्यात होती. वरच्या मजल्यावर शैलजा होती.

दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत. साडेपाचला पानं मांडली. शैलजाला भूपालने धरून खाली आणलं. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला होता, डोक्याला रुमाल बांधला होता. बसायच्या आधी सगळ्यांनी हात जोडले. सासूबाईंनी सुरुवात केली, मग वैजयंतीचे यजमान, मग भूपाल. कळत-नकळत, उत्तम क्षमा, कळत-नकळत, उत्तम क्षमा. दरवर्षी दोन मिनिटांत घर मोकळं होतं आणि आमटी निवायच्या आत जेवायला बसतं.

वैजयंती शैलजासमोर आली. तिने हात जोडले, "कळत-नकळत" म्हणाली आणि थांबली. उरलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते म्हटलं असतं, तर शैलजाचं उत्तरही तयारच होतं.

"नकळत नाही," ती म्हणाली. "शैला, मी जाणूनबुजून केलंय."

आणि तिने सांगितलं. अवघड शब्द न वापरता, सासूबाईंना कळेल असं. मोजायचं होतं ते मोजलं नाही. विचारलं तेव्हा मोजते असं भासवलं. यंत्राला तेच शिकवलं. त्या यंत्रानं तुला तीनदा बरी आहेस म्हणून सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते घरात मी सांगितलं.

"म्हणजे मशीन..." भूपाल म्हणाला.

"मशीनची चूक नाही, भूपाल. मी शिकवलं तेवढंच त्यानं केलं. मी तुला दवाखान्यात खोटं सांगितलं."

सासूबाईंनी शैलजाकडे पाहिलं, मग थोरल्या सुनेकडे.

"मग ही आळस करीत नव्हती?"

"नाही, आई. आजारी होती. तुम्हाला, हिला, सगळ्यांना ती आजारी नाही म्हणून मी सांगत होते."

भूपालने मान खाली घातली. शैलजा पाटावर बसली होती, तिने भिंतीचा आधार घेतला.

"ताई," ती हळू म्हणाली, "तुम्ही रक्त चांगलं आहे म्हणालात ना, त्यानंतर मी कुणावर रागावले नाही. स्वतःवरच रागवायला लागले. पोळ्या लाटताना हात थांबला की मीच मला म्हणायची, कर की गं, नाटकी. दोन वर्षं."

वैजयंतीचे हात अजून जोडलेलेच होते.

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. "म्हण गं शैला," त्या समजुतीने म्हणाल्या. "उत्तम क्षमा म्हण. दिवस मावळतोय."

"नाही, आई," शैलजा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता ठामपणा होता. "रीत म्हणून नाही म्हणणार. मनातनं येईल त्या दिवशी म्हणीन. येईल का नाही, मला आज ठाऊक नाही."

गुडघ्यावर हात टेकत सासूबाई उठल्या, भाताचं पातेलं स्वतः उचललं आणि पहिलं पान शैलजाचं वाढलं. मग भूपालचं, मग थोरल्या मुलाचं. सगळे जेवायला बसले. वैजयंती उभी होती, आणि तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही.